शिक्का कामगारावर नको, एजंटवर मारा

माझ्या आणि माझ्या मामेभावाच्या पासपोर्टात एका शिक्क्याचा फरक आहे. त्याच्या शेवटच्या पानावर 'ईसीआर' छापलंय, म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड'. माझ्या पानावर ते नाही.

आम्ही दोघं श्रीवर्धन तालुक्यातल्या एकाच गावचे, एकाच शाळेतले. मी दहावी पास झालो आणि पुढे इंजिनिअर झालो. तो नववीत असताना मामू वारले आणि तो वेल्डिंगच्या दुकानात लागला. कंपनीने मला दुबईला पाठवलं तेव्हा विमानतळावर कोणी काही विचारलं नाही. त्याच्याकडून मात्र एजंटने आदल्या रात्री उत्तर पाठ करून घेतलं : "शारजाला बहिणीकडे चाललोय, पंधरा दिवसांनी परत येणार." त्याला बहीण नाही.

त्याला खोटं का बोलावं लागलं? १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली, दहावी न झालेल्या माणसाला सौदी, यूएई, कुवेत, कतार, ओमान धरून अठरा देशांत नोकरीला जायचं असेल तर सरकारची मंजुरी लागते. त्याच पासपोर्टावर उमऱ्याला किंवा फिरायला जायचं असेल तर ती लागत नाही. म्हणजे खरं सांगितलं की अडकणार आणि खोटं सांगितलं की सुटणार. आमच्या धंद्यात असा फॉर्म कोणी बनवला, की ज्यात खोटी माहिती भरली तरच पुढचं पान उघडतं, तर दोष फॉर्म भरणाऱ्याला देत नाहीत.

सरळ मार्ग आहे, आणि तो वाईटही नाही. परवानाधारक एजंट, ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला मालक, पगार लिहिलेला करार. एजंटने कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घ्यायचा, पावती देऊन. सोबत प्रवासी भारतीय बीमा योजना : दोन वर्षांना २७५ रुपये हप्ता, आणि अपघातात मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाखांचं संरक्षण.

मामेभावाने एजंटला एक लाख दहा हजार दिले. पावती नाही. मुमानीच्या बांगड्या गेल्या. "मंजुरीच्या भानगडीत पडलास तर सहा महिने लटकशील, विजिटवर जा, तिथे गेल्यावर व्हिसा बदलून देतो," असं एजंटने सांगितलं. व्हिसा बदलला नाही. तिसऱ्या महिन्यात तो परांचीवरून पडला आणि उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. कंपनी म्हणाली, हा आमचा माणूसच नाही. कागदावर ते खरंच होतं. कागदावर तो बहिणीकडे गेलेला पाहुणा होता. करार नाही, विमा नाही, भरपाई नाही. तिथल्या आमच्या गाववाल्यांनी वर्गणी काढून त्याला परत पाठवलं.

काही जण म्हणतात, हा शिक्का गरिबाच्या भल्यासाठीच आहे. काढला तर एजंट त्यांना आणखी लुटतील. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. लूट खरी आहे. पण शिक्का कोणाला वगळतो ते पाहा. दहावी पास असेल तर सूट. वय पन्नासच्या वर असेल तर सूट. आयकर भरत असेल तर सूट. पन्नाशीनंतर माणूस परांचीवरून पडत नाही? दहावीच्या गुणपत्रिकेत अरबी करार वाचायला शिकवतात? आणि हाच शिक्का असलेल्या बाईचं वय तीसच्या आत असेल तर या देशांत कामाला जायची तिला परवानगीच नाही. तिला संरक्षण द्यायचं म्हणून तिच्यासाठी दारच बंद.

आता माझ्यासारख्यांचं बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला इशारा द्यावा लागला : थायलंडमध्ये डिजिटल मार्केटिंगची नोकरी म्हणून आयटीतल्या तरुणांना बोलावतात आणि सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन डांबून ठेवतात. तिथे त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतात. कॉम्प्युटर येणारी, शिकलेली मुलं ही. शिक्षणाने त्यांना वाचवलं नाही. लुटणारा गुणपत्रिका बघत नाही, फक्त कायदा बघतो.

जानेवारी २०१८ मध्ये तर सरकारने ईसीआरवाल्यांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट द्यायचं ठरवलं होतं. ओरड झाली आणि त्याच महिन्यात तो निर्णय मागे घेतला. आपण खूश झालो. रंग टळला, शिक्का तसाच राहिला, आणि त्यावर पुन्हा कोणी बोललं नाही. परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच सांगितलंय. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की तो हक्क रोखणारी पद्धत न्याय्य आणि वाजवी हवी. नववीत शाळा सुटली म्हणून तपासणी, ही पद्धत कोणत्या अर्थाने वाजवी?

माझी मागणी साधी आहे. तपासणी ठेवा, पण माणसाच्या शिक्षणाची नको, नोकरीची ठेवा. या देशांत कामाला जाणारा प्रत्येक जण, मी इंजिनिअर असो की तो वेल्डर, त्याचा करार नोंदला जावा आणि विमा उतरवला जावा. तीन अक्षरं छापायचीच असतील तर बिनपरवाना एजंटच्या दारावर छापा. नव्या कायद्याचे मसुदे २०१९ आणि २०२१ मध्ये लोकांच्या हरकतींसाठी मांडले गेले. म्हसळा, श्रीवर्धन, मुरुडच्या किती जमातींनी हरकत पाठवली? मीही पाठवली नव्हती.

म्हणून आता थोडं आपल्याबद्दल. तो एजंट परका नव्हता. आमच्याच नात्यातला, जुम्म्याला पुढच्या सफेत बसणारा. पाय मोडल्यावर तक्रार करायची म्हटलं तर चार बुजुर्ग घरी आले : "आपल्याच माणसाला पोलिसांत कशाला नेता?" मोडलेला पाय आपल्या माणसाचा नव्हता का? मुमानीच्या बांगड्या परक्या होत्या का? गल्फच्या पैशांवर आपण मशिदी बांधल्या, बंगले बांधले, लग्नात मंडप घातले. पण मुलगा निघण्याआधी एजंटचा परवाना बघायला जमातीत एक माणूस बसवला नाही. परवानाधारक एजंटांची यादी ई-मायग्रेटवर आहे, फोनवर दिसते, पाच मिनिटांचं काम आहे. प्रत्येक जमातीने महिन्यातून एक रविवार एक शिकलेला मुलगा त्यासाठी बसवावा. आमच्या गावात मी बसतोय. पहिल्या रविवारी तिघं आली. तिघांनी दिलेल्या नावांपैकी एकही यादीत नव्हतं.

मामेभाऊ आता बसून करता येईल तेवढंच वेल्डिंग करतो. त्याचा धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे. मुमानी म्हणते, पास झाला की शिक्का सुटेल. सुटेल. एजंट मात्र तोच आहे, आणि त्याने विचारायलाही सुरुवात केली आहे.