अहवालातील ‘निगेटिव्ह’चा अर्थ

स्तनातील गाठीचा तपासणी अहवाल हाती येतो आणि त्यात ‘निगेटिव्ह’ हा शब्द दिसताच घरातील मंडळींना हायसे वाटते. संसर्गाच्या चाचण्यांमुळे निगेटिव्ह म्हणजे रोग नाही, हे समीकरण मनात पक्के झालेले असते. स्तनाच्या कर्करोगात मात्र रिसेप्टरची तपासणी निदानानंतर होते. रोग आहे हे ठरलेले असते. तो कोणत्या संदेशावर पोसला जात आहे, एवढेच तेथे शोधायचे असते.

रिसेप्टर म्हणजे संदेश स्वीकारणारे प्रथिन. ते कुलूप मानले, तर संप्रेरक ही त्याची किल्ली. १८९६ साली ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी स्त्रीचे बीजकोश काढल्यास स्तनाचा पसरलेला कर्करोग ओसरू शकतो, हे दाखवून दिले. त्यामागील कारण पुढे शिकागो विद्यापीठात एल्वुड जेन्सन यांनी उलगडले, ते म्हणजे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर. आज प्रत्येक गाठीत इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ असे तीन रिसेप्टर तपासले जातात. पहिल्या दोहोंपैकी एक जरी असला तरी टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांचा मार्ग खुला होतो. हर-२ अधिक असल्यास ट्रास्टुझुमॅब हे १९९८ पासून उपलब्ध असलेले औषध उपयोगी पडते. हर-२ पुढे ‘२+’ लिहिलेले असेल, तर उत्तर अनिश्चित असते आणि ‘फिश’ ही जनुकीय चाचणी करावी लागते.

तिन्ही नसलेल्या गाठीला ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात. येथे निगेटिव्ह ही सुवार्ता नव्हे. गोळ्यांचे आणि हर-२ वरील औषधाचे दार बंद आहे, एवढाच तिचा अर्थ. अशा वेळी केमोथेरपीवर मोठी भिस्त असते, म्हणून विलंब परवडत नाही. भारतात अशा गाठींचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आढळते.

गाठ वितळूनही रोग परत का येतो, या प्रश्नाने संशोधकांना मूळपेशींकडे नेले. २००३ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी स्तनाच्या गाठीतील पेशी वेगळ्या केल्या. ज्यांच्यावर सीडी४४ हे चिन्ह होते आणि सीडी२४ नव्हते किंवा अत्यल्प होते, अशा अवघ्या शंभर पेशींनी उंदरात नवी गाठ निर्माण केली. इतर हजारो पेशींना ते साधले नाही. तण उपटले तरी मुळाचा तुकडा मातीत राहावा, तसा हा प्रकार. अशा पेशी ट्रिपल निगेटिव्ह गाठींत अधिक प्रमाणात आढळतात. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर त्यांच्यात बहुधा नसतो किंवा कमी असतो, त्यामुळे गोळ्यांनी गाठ आकसली तरी त्या तग धरू शकतात, असे अभ्यासकांचे अनुमान आहे.

तथापि ही चिन्हे काही निरोगी पेशींवरही असतात. त्यामुळे सीडी४४ची चाचणी अद्याप नित्याच्या उपचारनिर्णयाचा भाग झालेली नाही. तिच्यामागे धावून पैसा आणि वेळ खर्च करण्याचे प्रयोजन नाही.

कुटुंबाने मात्र काही गोष्टी अवश्य कराव्यात. तिन्ही रिसेप्टरचे निष्कर्ष डॉक्टरांकडून समजून घ्यावेत. गाठीचा मेणात जतन केलेला नमुना, म्हणजे ‘ब्लॉक’, कोठे ठेवला आहे याची नोंद ठेवावी. रोग उलटल्यास शक्य तेथे पुन्हा तुकडा तपासावा, कारण रिसेप्टर बदलू शकतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, इस्ट्रोजेन पॉझिटिव्ह रुग्णेला सांगितलेल्या गोळ्या ५ वर्षे, प्रसंगी १० वर्षेही घ्याव्या लागतात. बरे वाटते, सांधे दुखतात किंवा घरात कार्य आहे म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत. त्रास असेल तर डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात. गाठ दिसेनाशी झाली, तरी तिचे मूळ गेलेच असे नाही. घरातील बाई सर्वांच्या औषधांच्या वेळा सांभाळते. तिच्या गोळीची आठवण घरातील इतरांनी ठेवावी.