पिच्चर स्वस्त, शेवट महाग

भद्र समीक्षकांनी आपलं सौंदर्यशास्त्र घडी घालून कपाटात ठेवावं. इथं मी फालतू पिच्चरबद्दल बोलणार आहे. रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप, राक्षसाच्या जागी रबर, आणि नटांची नावं अशी की पोस्टरवर वाचूनही ओळख पटू नये. झोंबी आणि डायनॉसोर. मी मॅट्रिक आहे. गोदीत माल चढवतो-उतरवतो, कविता लिहितो, पाळी सुटल्यावर मोबाईलवर फुकटात मिळेल ते बघतो. कुठला माल हलका नि कुठला वजनदार, हे उचलणाऱ्यानंच सांगावं.

पिच्चरलाही जात असते, दोस्तहो. करोडोंच्या पिच्चरमधला हिरो सहसा मरत नाही, कारण त्याच्या जिवावर सावकाराचं व्याज चढलेलं असतं. स्वस्त पिच्चरमध्ये कुणीही मरू शकतं. म्हणून तिथं मी एकच गोष्ट बघतो. शेवटी मारतो कोण?

झोंबी मुळात हॉलिवुडचा नाही. तो हैतीचा. फ्रेंच मालकांच्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबराबून मरत. तिथल्या लोकांच्या समजुतीतला झोंबी माणसं खात नाही. तो मेल्यावरही मालकासाठी राबतो. मरणानं तरी सुटका व्हावी, तर तीही नाही! हे गुलाम १७९१ साली उठले आणि १८०४ साली त्यांनी देश मोकळा केला. पुढं १९१५ ते १९३४ अमेरिकेच्या फौजा तिथं तळ ठोकून होत्या. त्याच काळात, १९३२ साली, व्हिक्टर हाल्पेरिननं 'व्हाइट झोंबी' काढला, दुसऱ्याचे जुने सेट भाड्यानं घेऊन. त्यात एक साखरेचा कारखाना आहे. मालक बेला लुगोसी. मेलेले मजूर घाणा फिरवताहेत. एक जण तोल जाऊन आत पडतो. कुणी मान वळवत नाही. घाणा करकरत राहतो.

साखरेची पोती पाठीवर घेतलेल्या माणसाला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. पण पिच्चर काढणाऱ्यालाच ते समजलेलं नाही. त्याची सगळी माया एका गोऱ्या नवरीवर, जिला जादूनं झोंबी केलंय. नवरी सुटते. घाण्यावरच्या मजुरांचं पुढं काय झालं, कुणी विचारत नाही.

मग १९६८. जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. खर्च सव्वा लाख डॉलरच्या आत. रंग नाहीत. पेनसिल्व्हेनियातलं एक शेतावरचं घर, बाहेर उठलेली मढी, आत सात माणसं. त्यातला बेन काळा. काम केलंय डुएन जोन्सनं. त्याच वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली गेली होती. ब्लॅक पँथर पक्षाला जेमतेम दोन वर्षं होत होती.

बेन फळ्या ठोकतो, खिडक्या बुजवतो, डोकं ठिकाणावर ठेवतो. गोरा कूपर तळघरात लपायला बघतो आणि वर अक्कल शिकवतो. पूर्ण पिच्चरभर बेनच्या रंगाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. भूमिका काळ्या माणसासाठी लिहिलेलीही नव्हती. मग ह्यात वर्णाचा प्रश्न आला कुठून, असं विचारणारे पांढरपेशे आपल्याकडं ढिगानं सापडतील. त्यांनी शेवट बघावा. रात्रभर लढून बेन एकटाच जिवंत राहतो. सकाळी शेरीफची बंदूकवाली टोळी येते. खिडकीत माणूस दिसतो. विचारपूस नाही, हाक नाही. सरळ डोक्यात गोळी. मग वर्तमानपत्रात छापल्यासारखे खरबरीत फोटो: हातात मांसाचे हुक घेतलेली माणसं, बेनचं प्रेत, लाकडांचा ढीग. हुक मी रोज हातात धरतो. तो पोत्यासाठी असतो. माणसासाठी धरलेला बघितला आणि मोबाईल पालथा घातला.

हा शेवट बदला, जरा गोड करा, असं एका कंपनीनं सांगितलं होतं. पोरांनी बदलला नाही. हे त्या पिच्चरचं खरं बळ. वितरकानं नाव बदललं तेव्हा नव्या पाटीवर हक्काची ओळ टाकायची राहून गेली आणि पिच्चर सगळ्या जगाचा झाला. मालकी सुटली म्हणून तो माझ्यापर्यंत आला.

आता खोट. बार्बरा नावाची बाई सुरुवातीला भाऊ गमावते आणि पुढं जवळजवळ पूर्ण वेळ सोफ्यावर बधीर बसून राहते. आयला, बायांना भीती वाटते, पण हातपाय गळून बसायची चैन आमच्या आयाबहिणींना कधी परवडली? दुसरी खोट मोठी. रोमेरोच्या मढ्यांना मालकच नाही. हैतीचा घाणा पुसला गेला. उरली घराबाहेरची भुकेली गर्दी. घरवाल्यांना बाहेरच्या गर्दीची वाटते तीच भीती. रोमेरोला हे पुढं उमगलं असावं. २००५ सालच्या 'लँड ऑफ द डेड'मध्ये त्यानं पेट्रोलपंपावरच्या काळ्या नोकरालाच मढ्यांचा पुढारी केला.

आणि डायनॉसोर? १९९३ सालच्या जूनमध्ये 'जुरासिक पार्क' आला, सहा कोटी डॉलरच्या वरचा. त्याच्या महिनाभर आधी रॉजर कॉर्मननं 'कार्नोसोर' उरकून टाकला, दहा लाखांच्या आत. त्यातला डायनॉसोर वळतो तेव्हा रबराला घड्या पडतात. गोष्ट धडाधड उड्या मारते. बाया असतात त्या डायनॉसोरला जन्म देऊन मरण्यापुरत्या. मातीकामाच्या मशिनींना स्वतःला साखळदंडानं बांधून घेणारी आंदोलनवाली पोरं असतात ती फाडून खाण्यापुरती. हा हलकटपणा मी माफ करत नाही.

पण 'जुरासिक पार्क'मध्ये बेट सोडून सुखरूप उडून जाणारे कोण? बागेचा मालक, त्याची नातवंडं आणि शास्त्रज्ञ. 'कार्नोसोर'चा हिरो कोण? मशिनींची राखण करणारा दारुडा वॉचमन. रोग सुरू होतो कंपनीच्या कोंबड्यांच्या अंड्यांतून. शेवटी छोटा लोडर घेऊन हा गडी त्या धुडाशी झुंजतो. झुंज भंगार दिसते, पण चालवणाऱ्याचा हात खरा वाटतो. तो जिंकतो. आणि मग सरकारी शिपाई येतात, त्याला नि त्याच्या साथीदारणीला ठार मारतात, प्रेतं जाळून टाकतात. कंपनीचं पाप साक्षीदारासकट भस्म.

१९६८ आणि १९९३, मधे २५ वर्षं. राक्षस बदलला, बंदूक तीच. राक्षसाच्या तावडीतून जो वाचला, त्याला व्यवस्थेनं टिपला. हे सांगायची हिंमत दोन भिकार पिच्चरांनी केली.

हातात मोबाईलचा कॅमेरा घेतलेल्या पोरांनो, पैसा नाही हे रडगाणं बंद करा. राक्षस उसना घ्यायचा तर त्याचा इतिहासही घ्या, घाणा पुसू नका. बाईला अंड्याचं टरफल करू नका. लढणाऱ्या पोरांना चारा करू नका. आणि कुणी नोटा दाखवून म्हणाला की शेवट जरा गोड करा, तर त्याला दार दाखवा. रबराचा राक्षस चालेल. रबराचा शेवट चालणार नाही.