काजव्यांची दिवाळी

आपली दिवाळी आश्विनात, काजव्यांची ज्येष्ठात! बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पावसाच्या तोंडाशी ती दिसते. काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातला किडा. त्याच्या पोटातील ल्युसिफेरिन या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन थंड प्रकाश पडतो. नर चमकून साद घालतो, मादी चमकून ओ देते. अळ्या ओल्या पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढतात.

सारा लुइस या अमेरिकन संशोधिकेने सहकाऱ्यांसह जगभरच्या काजवा-अभ्यासकांची मते अजमावून २०२० साली ती प्रसिद्ध केली. रानांचा नाश, कृत्रिम प्रकाश आणि कीटकनाशके ही मोठी संकटे ठरली. दिव्यांच्या झगमगाटात नराची खूण मादीला दिसेल कशी? तेव्हा वाचकहो, घर रानालगत असेल, तर ज्येष्ठात गच्चीवरचा दिवा तेवढा मालवा.