डिमरचा दिवा लुकलुकतो तेव्हा

घरात तान्हे मूल निजले असता किंवा कोणी आजारी असता दिवा पार मालवावा तर अंधार होतो आणि तसाच ठेवावा तर डोळ्यांवर येतो. अशा वेळी डिमरचे बटण फिरवून प्रकाश हवा तेवढा कमी करता येतो, ही मोठीच सोय आहे. परंतु जुना बल्ब काढून तेथे एलईडी बल्ब बसविताच तो लुकलुकू लागतो, गुणगुणतो किंवा बटण अर्ध्यावर येताच एकदम विझतो, असे पुष्कळ घरांत आढळते. वाचकहो, बल्ब फेकून देण्यापूर्वी थोडे थांबा. बहुधा बल्बही चांगला असतो आणि डिमरही. त्यांची जोडी मात्र जमलेली नसते.

आपल्या घरातील वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते आणि पुन्हा चढते. डिमर अशा प्रत्येक लाटेचा काही भाग कापून टाकतो. जुन्या बल्बातील तार तापून प्रकाश देई. ती क्षणात निवत नसल्यामुळे हा खंड डोळ्यांना जाणवत नसे. एलईडी बल्बाच्या पोटात मात्र विजेचे रूपांतर करणारे लहानसे यंत्र असते. त्याला अखंड लाट हवी असते. तुटक लाट मिळाली की ते गोंधळते. शिवाय अनेक जुने डिमर निदान ४० वॅटचा भार गृहीत धरून बनविलेले असतात. ९ वॅटच्या बल्बातून वाहणारा प्रवाह त्यांना अपुरा पडतो व ते मध्येच बंद होतात.

केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब घरोघरी गेले. त्यामुळे विजेची मोठी बचत झाली. परंतु नेहमीच्या वापरातले बहुतेक एलईडी बल्ब डिमरसाठी नसतात, हे ध्यानात ठेवावे.

दोष शोधण्याची रीत सोपी आहे. तो बल्ब डिमर नसलेल्या साध्या होल्डरमध्ये लावून पाहावा. तेथे तो स्थिर जळला तर बल्ब निर्दोष आहे, असे समजावे. घरात जुना तारेचा बल्ब असल्यास तो डिमरवर लावावा. तो नीट मंद होत असेल तर डिमरही ठीक आहे. मग खोक्यावर ‘डिमेबल’ असे छापलेला बल्ब आणावा. तोही लुकलुकला तर एलईडीसाठी बनविलेला डिमर बसवून घ्यावा. एका डिमरवर निरनिराळ्या जातींचे बल्ब लावू नयेत. पंख्याचा रेग्युलेटर दिव्यासाठी वापरू नये. मंद प्रकाश केवळ रात्रीपुरता हवा असेल, तर डिमर काढवून साधे बटण आणि अर्ध्या वॅटचा रात्रीचा दिवा घेणे सर्वांत स्वस्त पडते.

एका गोष्टीकडे मात्र कदापि दुर्लक्ष करू नये. बटण बंद केल्यावरही एलईडी बल्ब अंधुक तेवत राहतो काय? बटणातील लहान निदर्शक दिव्यामुळेही असे घडते व त्यात विशेष भय नसते. परंतु कधी कधी बटण फेजच्या तारेऐवजी न्यूट्रलच्या तारेवर बसविलेले असते. मग बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज खेळत राहते आणि बल्ब बदलणाऱ्याला जीवघेणा धक्का बसू शकतो. म्हणून असे दिसताच परवानाधारक वायरमनकडून तपासणी करून घ्यावी आणि तोवर मेन स्विच बंद केल्याशिवाय त्या बल्बाला हात लावू नये. डिमर हात ठेववणार नाही इतका तापला किंवा जळका वास आला, तरीही हाच नियम पाळावा.

लुकलुकणारा दिवा पुष्कळदा केवळ त्रासदायक असतो. क्वचित तो धोक्याची पूर्वसूचनाही देत असतो. त्याचे कारण शोधून काढण्यात पैशाची बचत आहे आणि घरातील माणसांची सुरक्षितताही आहे.