सभासदांची यादी कुठे आहे?

डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने नवी घटना स्वीकारली. वर्षाला चार आणे भरणारा माणूस सभासद झाला, प्रांतिक समित्या भाषेनुसार आखल्या गेल्या आणि तालुक्यापासून अखिल भारतीय समितीपर्यंत निवडून जाण्याची वाट तयार झाली. तोवर बहुतांशी वकील-संपादकांच्या हाती असलेल्या संघटनेत आता शेतकऱ्याच्या मतालाही जागा मिळाली.

ही व्यवस्था निर्मळ होती असे नाही. १९३९ मध्ये गांधीजींचा पाठिंबा पट्टाभी सीतारामय्यांना असूनही सुभाषबाबू अध्यक्षपदी निवडून आले आणि ज्येष्ठांच्या असहकारामुळे त्यांना तीन महिन्यांत पद सोडावे लागले. तो डाग पुसता येत नाही. तरीही त्या काळी पक्षात हरणे-जिंकणे खरे होते. नाशिकच्या १९५० च्या अधिवेशनाआधी झालेली अध्यक्षपदाची लढत पाहा: पुरुषोत्तमदास टंडन १३०६, आचार्य कृपलानी १०९२, आपले शंकरराव देव २०२. टंडन पंतप्रधानांना नको होते आणि तसे त्यांनी लपवलेही नव्हते. तरी प्रतिनिधींनी टंडनांना निवडले. वर्षभरात टंडनांना राजीनामा द्यावा लागला आणि नेहरू स्वतःच अध्यक्ष झाले. संघटना सरकारच्या दावणीला बांधली जाण्याची सुरुवात मी तिथे पाहतो.

१९७२ नंतर वीस वर्षे काँग्रेसमध्ये संघटनात्मक निवडणुकाच झाल्या नाहीत. १९९२ मध्ये तिरुपतीला त्या झाल्या, तेव्हा अर्जुनसिंह आणि शरद पवार कार्यसमितीवर निवडून आले. दलित आणि महिला निवडून आल्या नाहीत, हे कारण पुढे करून निवडून आलेल्यांचे राजीनामे घेतले गेले. मतपेटीतून आलेले बळ श्रेष्ठींना सोसत नाही, एवढे त्यातून सगळ्या पक्षांनी ओळखले. 'सर्वाधिकार पक्षाध्यक्षांना' हा एका ओळीचा ठराव आज राष्ट्रीय-प्रादेशिक अशा बहुतेक पक्षांच्या बैठकांत टाळ्यांच्या गजरात संमत होतो.

याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली, तेव्हा निवडणूक आयोगाने खासदार-आमदारांबरोबर अखिल भारतीय समितीचे सदस्य आणि प्रतिनिधी कोणाकडे आहेत हेही मोजले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. मोजायला तेव्हा निवडून आलेली माणसे होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेतल्या फुटीचा वाद आयोगापुढे होता. अध्यक्षांनी नेमलेल्यांनीच अध्यक्ष निवडायचा, ही पक्षाची २०१८ ची घटना आयोगाला लोकशाहीला धरून वाटली नाही आणि निकाल विधिमंडळातल्या बळावर, ५५ पैकी ४० आमदारांवर, गेला. वर्षभराने राष्ट्रवादी काँग्रेसच्या फुटीबाबतही संघटनेची कसोटी बाजूला पडली आणि पुन्हा आमदारच मोजले गेले. दोन्ही वेळा नाव आणि चिन्ह कोणाला मिळाले हा माझा मुद्दा नाही. ज्यांनी तीस-तीस वर्षे सतरंज्या उचलल्या, भिंती रंगवल्या, केसेस अंगावर घेतल्या, त्यांचे मत मोजायला विश्वासार्ह कागदच नव्हता, याचा मला संताप येतो. नेत्यांनी सभासदाला निर्णयातून वगळले, तेव्हा फुटीच्या दिवशी स्वतःच्या बाजूने उभा राहू शकणारा साक्षीदारही त्यांनी गमावला.

सभासदाला असे वगळणे उमेदवारी देतानाही दिसते. महापालिकेच्या निवडणुकीत अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी निवडणूक कार्यालयाबाहेर उभे राहून बघावे. दुपारचे तीन वाजत आलेले असतात. पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म कोणाच्या खिशात आहे हे शहराध्यक्षालाही माहीत नसते. प्रभागात पाच वर्षे पाणी-ड्रेनेजच्या तक्रारी घेऊन फिरलेली कार्यकर्ती ताटकळत असते आणि फॉर्म आदल्या रात्री पक्षात आलेल्या माणसाला मिळतो. पुढे हाच माणूस सोयीने पक्ष बदलतो, यात नवल काय? त्याला निवडले एका नेत्याने. सभासदांशी त्याचे देणेघेणेच नव्हते.

कायदा इथे तोकडा आहे. १९८९ पासून पक्षांची नोंदणी कायद्यानुसार होते, पण नोंदणीवेळी दिलेली हमी मोडली म्हणून ती रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. उलट १९८५ च्या पक्षांतरबंदीने आमदाराला व्हिपला बांधले. व्हिप काढणारे नेतृत्व कोणी निवडले, हे मात्र विचारले नाही. हिटलरचा अनुभव घेतलेल्या जर्मनीने पक्षांची अंतर्गत रचना लोकशाहीची असावी, हे राज्यघटनेतच लिहिले आणि १९६७ च्या कायद्याने उमेदवारांची निवडही गुप्त मतदानाने करायला लावली.

बोगस सभासद नोंदवून पैसेवाले पक्ष ताब्यात घेतील, ही भीती खरी आहे. तीसच्या दशकात काँग्रेसमध्येही बोगस नोंदणीचा बोभाटा झाला होता आणि गांधीजींनी त्यावर कडक लिहिले. पण यादी होती म्हणून तक्रार करता आली. आज प्रत्येक मान्यताप्राप्त पक्षाने तालुकावार सभासदयादी आयोगाकडे द्यावी, तिच्यावर हरकती मागवाव्यात, पदाधिकाऱ्यांची निवडणूक आयोगाच्या निरीक्षकासमोर गुप्त मतदानाने व्हावी आणि नगरसेवकपदाचा उमेदवार तरी प्रभागातल्या सभासदांनी निवडावा. पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायद्यात तरतूद करा, असे विधी आयोगाने १७० व्या अहवालात १९९९ मध्येच सुचवले होते. महाराष्ट्रातल्या एकाही मोठ्या पक्षाने गेल्या दोन फुटींनंतरही तिची मागणी लावून धरलेली नाही.