पहिला ट्रॅक्टर कोणाच्या दारात?

दसऱ्याच्या किंवा गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर खेड्यात ट्रॅक्टर येतो, त्याला झेंडूचा हार घातला जातो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि गावात त्या घराची पत वाढते. या आनंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या बैलाच्या मागे पाय ओढत चाललेल्या माणसाला यंत्राची ओढ वाटावी यात चुकीचे काय? प्रश्न वेगळाच आहे. या आनंदाची किंमत कोण मोजतो, आणि ती मोजून झाल्यावर ट्रॅक्टर खरोखर कोणाचा राहतो, हा तो प्रश्न होय.

भावना बाजूला ठेवून आधी हिशेब मांडला पाहिजे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी शेतजमीन १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरांहूनही कमी आहे. शंभरातील ८६ खातेदार अल्प व अत्यल्प भूधारक आहेत. या मानाने पाच एकरांचा शेतकरी सुस्थितीतलाच म्हणायचा. समजा, त्याने ट्रॅक्टरसाठी पाच लाख रुपये कर्ज १२ टक्के व्याजाने, पाच वर्षांच्या सहामाही हप्त्यांनी घेतले. त्याला वर्षाला सुमारे १,३६,००० रुपये भरावे लागतील. नांगरट, ढेकळे फोडणे, पेरणी, मळणी असे सर्व मिळून एकरी दहा तास काम धरले, तरी त्याच्या शेतात यंत्र वर्षातून पन्नास तास चालेल. तेव्हा डिझेलचा एक थेंब जळण्यापूर्वीच तासाला २,७०० रुपयांचा बोजा त्याच्या डोक्यावर बसलेला असतो. हेच यंत्र वर्षाला १,००० तास चालले, तर तो बोजा तासाला १३६ रुपयांवर येतो. ट्रॅक्टर किफायतशीर ठरण्यासाठी बँकांच्या हिशेबात पूर्वापार जे प्रमाण धरले गेले, ते याच हजार तासांचे आहे. आणि हजार तास म्हणजे शंभर एकर, म्हणजेच पाच-पाच एकरांचे वीस शेतकरी!

वीस जणांचे यंत्र एकट्याच्या गळ्यात बांधायचे, हे आजच्या ट्रॅक्टरविक्रीचे मर्म आहे. गेल्या काही वर्षांत देशात दरसाल आठ लाखांहून अधिक ट्रॅक्टर विकले गेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ही सवलत स्वागतार्हच आहे. परंतु करकपातीने हप्ता थोडा हलका होतो, शेताचा आकार काही वाढत नाही. ट्रॅक्टर घेतल्याने उत्पन्न आपोआप वाढते, या समजुतीलाही फारसा आधार नाही. दक्षिण आशियातील अनेक पाहण्यांचा आढावा घेऊन हान्स बिन्सवांगर यांनी १९७८ मध्येच दाखवले होते की, केवळ ट्रॅक्टरमुळे पिकांचे उत्पादन लक्षणीय वाढल्याचा पुरावा त्या पाहण्यांत सापडत नाही. ट्रॅक्टर कष्ट व वेळ वाचवतो, बैलांची जागा घेतो. उत्पादन वाढवतात ते पाणी, बियाणे, खत आणि वेळेवर झालेली मशागत.

हप्ता थकला की काय होते? ज्याच्या जिवावर कमाई करायची तेच यंत्र प्रथम ओढून नेले जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडच्या हजारीबाग जिल्ह्यात ट्रॅक्टरच्या जप्तीला आलेल्यांच्या कारवाईत एक गर्भवती स्त्री त्याच ट्रॅक्टरखाली चिरडून मरण पावली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने संबंधित वित्तसंस्थेला बाहेरच्या हस्तकांकरवी वसुली व जप्ती करण्यास काही काळ मनाई केली. मनाई पुढे उठली. परंतु धनकोची वसुली त्या दिवशी कोठवर गेली होती, हे कार्यकर्त्यांनी विसरता कामा नये.

म्हणून काय यंत्राला विरोध करावा? मुळीच नाही. श्रमिकांच्या चळवळीचे भांडण यंत्राशी नसून त्याच्या मालकीशी आहे. या देशात ट्रॅक्टरचा इतिहासही काही केवळ खाजगी भांडवलाचा नाही. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत ज्याचा आराखडा तयार झाला, तो ‘स्वराज’ ट्रॅक्टर पंजाब शासनाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कारखान्यात १९७४ पासून बनू लागला. २००७ मध्ये तो कारखाना महिंद्र समूहाकडे गेला. हिंदुस्थान मशीन टूल्सचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र शासनाने २०१६ मध्ये घेतला. सार्वजनिक पैशाने पेरले आणि सुगी दुसऱ्याने नेली, असाच हा क्रम आहे.

तेव्हा गावातला पहिला ट्रॅक्टर वीस-पंचवीस लहान शेतकऱ्यांच्या गटाने मिळून घ्यावा, हाच सरळ मार्ग होय. २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अवजारे बँकांसाठीही अनुदानाची तरतूद झाली. पंजाबात वैयक्तिक ट्रॅक्टरांचा अतिरेक झाला हे खरे, पण तेथेच अनेक प्राथमिक सहकारी संस्था सभासदांना यंत्रे भाड्याने पुरवतात, हेही तितकेच खरे.

यावरचा सर्वांत बळकट आक्षेप असा की, वाफसा सर्वांच्या शेतात एकदमच येतो. मग पाळी कोणाची? हा आक्षेप खोटा नाही, आणि तो टाळणाऱ्यांचेच गट बुडाले आहेत. पाळीचा क्रम हंगामापूर्वी, सर्वांसमक्ष, चिठ्ठ्या टाकून ठरवावा. सर्वांत लहान तुकड्यांची पाळी आधी लावावी. काळी जमीन ओली असताना जड यंत्र आत घातले तर खालचा थर दडपून घट्ट होतो, म्हणून घाईने कोणाचेच भले होत नाही, हेही सभासदांना पटवले पाहिजे.

दुसरा आक्षेप निगेचा. सर्वांचे ते कोणाचेच नाही, या न्यायाने सामाईक यंत्र गंजते, असे म्हणतात. जेथे जबाबदारी नेमलेली नसते तेथे ते गंजतेच. यासाठी पगारी चालक नेमावा आणि तासमीटरची नोंद रोज वहीत व्हावी. सकाळी इंजिन ऑइल व रेडिएटरचे पाणी पाहणे, धुळीच्या दिवसांत एअर क्लीनर साफ करणे, सांध्यांना ग्रीस देणे, चाकांचे नट तपासणे, क्लचवर पाय ठेवून न चालवणे, ही कामे दहा-पंधरा मिनिटांची, परंतु हजारोंचा खर्च वाचवणारी आहेत. पहिली सर्व्हिसिंग व तेलबदल कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या तासांनुसारच व्हावा. रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोडलेले असावेत, फिरत्या दांड्यावर आवरण असावे आणि ओढायचे ओझे ठरलेल्या खालच्या जागीच जोडावे; ते उंचावर बांधले तर ट्रॅक्टर मागे उलटतो. प्रत्येक तासाच्या भाड्यातील काही भाग दुरुस्ती व घसारा निधीत गेला पाहिजे. हे पथ्य ज्या गटाला पाळता येत नाही, त्याने ट्रॅक्टर घेऊच नये.

तिसरा प्रश्न चळवळीच्या जिव्हाळ्याचा आहे, तो शेतमजुरांचा. यंत्र आले की बैलजोडी हाकणाऱ्याचे काम जाते. गटाच्या यंत्रावर चालक व दुरुस्ती कारागीर म्हणून भूमिहीन घरांतल्या तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन नेमण्याची अट पहिल्याच ठरावात असावी. असे न करणारी ‘सहकारी’ संस्था म्हणजे मालकांचीच नवी टोळी ठरेल.

सोव्हिएत रशियात १९२८ पासून राज्याच्या मालकीची यंत्र-ट्रॅक्टर केंद्रे उभी राहिली. तेथे यंत्र राज्याचे होते, पण त्यावर शेतकऱ्याची सत्ता नव्हती. १९५८ मध्ये ती मोडीत काढून यंत्रे सामुदायिक शेतांना विकली गेली, तेव्हा अनेक शेतांवर कर्जाचा भार आला. महाराष्ट्रात १९५० मध्ये प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे राज्यातील सहकारात अनेक ठिकाणी लहान सभासद नावापुरता उरला. या दोन्ही अनुभवांचे सार एकच: मालकी सामाईक असून भागत नाही, हिशेबाची वहीही सर्वांना उघडी असावी लागते.

पुढील हंगामापूर्वी प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी एका तरी गावात बसून हा पन्नास तासांचा आणि हजार तासांचा हिशेब फळ्यावर मांडावा. विक्रेत्याचा प्रतिनिधी दारात येण्यापूर्वी तेथे चळवळ पोहोचली पाहिजे. सातबाऱ्यावर एकदा बोजा चढला, की मग केलेल्या उपदेशाचा उपयोग नसतो.