वॉकी-टॉकी भंगारात काढण्याआधी

भिलाईच्या मार्शलिंग यार्डातून जाणाऱ्या ५८ बोक्सएन वाघिणींच्या रेकची लांबी ६०० मीटरच्या वर भरते. अशी रेक इंजिनाने मागे ढकलायची असली की लोको पायलटला शेवटची वाघीण दिसत नाही. तिथे चालणारा पॉइंट्समन झेंडा दाखवतो, रात्री बत्ती दाखवतो. पण वळण आले किंवा शेजारी दुसरी रेक उभी असली, की ‘थांबा’ हा त्याचा शब्द पोचवणारा पाच वॅटचा वॉकी-टॉकीच असतो.

२६ नोव्हेंबर १९९८ ला पंजाबात खन्नाजवळ फ्रंटियर मेलचे डबे घसरून शेजारच्या रुळावर गेले आणि काही मिनिटांतच सियालदह एक्सप्रेस त्यांवर आदळली. २०० हून अधिक माणसे दगावली. समोरून येणाऱ्या गाडीला सावध करायला एवढाच वेळ मिळतो.

म्हणूनच जुने संच ‘कालबाह्य’ ठरवण्याच्या घाईला आमचा विरोध आहे. १९९० च्या दशकातला मोटोरोला जीपी-३०० सारखा संच आजही दणकट आहे. त्याची अडचण वेगळीच. वाहिन्यांच्या फ्रिक्वेन्सी आणि टोन त्याच्या स्मृतीत संगणकावरून भरावे लागतात आणि ते सॉफ्टवेअर डॉसवर चालते. आजच्या वेगवान संगणकावर त्याची वेळेची गणिते चुकतात. भरणे मध्येच तुटले तर चांगला संच मुका होतो. त्याला जुना ३८६ वा ४८६ संगणक, खरा सिरियल पोर्ट आणि मधली इंटरफेस पेटी लागते. आमच्या पाहण्यातील एका डेपोत ‘प्रोग्रॅमिंग होत नाही’ एवढ्या शेऱ्यावर संच भंगारात निघाले. संच ठीक होते, संगणक मात्र आधीच लिलावात गेला होता! केबल कुठे ठेवली आहे हे ठाऊक असलेला टेक्निशियनही निवृत्त झाला होता.

नवे आणि जुने संच एकत्र चालवताना तर डोळ्यांत तेल घालूनच काम करावे लागते. जुना २५ किलोहर्ट्‌झवर आणि नवा साडेबारावर असला तर एकीकडे आवाज दबतो, दुसरीकडे फाटतो. टोन जुळला नाही तर समोरचा संच गप्पच राहतो, आणि बोलणाऱ्याला वाटते की ऐकले गेले. आमच्या मते बंद संचापेक्षा हा संच जास्त घातक आहे, कारण बंद संचावर कोणी विसंबत नाही.

जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेला ७०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यात ५ मेगाहर्ट्‌झ स्पेक्ट्रम मंजूर केला. नव्या तंत्राचे आम्ही स्वागतच करतो. परंतु नवा संच प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत कामगाराने ओरडून शंटिंग करायचे काय?

बंधूंनो, आमची मागणी खर्चिक नाही. प्रत्येक दूरसंचार डेपोत एक जुना संगणक, केबल व इंटरफेस पेटी स्टॉक रजिस्टरवर घेऊन जपावी. संचात काही नवे भरण्याआधी आतला मजकूर वाचून त्याची प्रत दोन ठिकाणी ठेवावी. निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांची क्षमता ठराविक मुदतीने तपासावी; मेच्या उन्हात थकलेली बॅटरी पाळी संपेपर्यंत टिकत नाही. आणि जाणकार टेक्निशियन निवृत्त होण्याआधी किमान सहा महिने एक तरुण त्याच्या हाताखाली द्यावा. हे काम ठेकेदाराकडे सोपवू नये. शाखा सचिवांनी आपापल्या डेपोतील संचांची यादी, प्रोग्रॅमिंगच्या तारखेसह, पुढील बैठकीला आणावी.